बशीएवढी जास्वंद

आमच्या घरात कापड कापण्याएवढं मोठं टेबल नाही, म्हणून जे काही करायचं ते जमिनीवर. बंगळूरच्या व्हाइटफील्डमधल्या बहुतेक फ्लॅटांत असते तशीच आमचीही फरशी, पांढुरकी, चकचकीत, दोन फूट बाय दोन फूट. पाय घसरतात, पण शिवणाऱ्या बाईला तिचा एक उपयोग आहे. तिचे सांधे पक्के काटकोनात असतात. कापडाचा काठ एका सांध्याला लावला की उभा धागा सरळ आहे की कापड तिरकं ओढलं गेलंय, ते क्षणात कळतं.

त्या शनिवारी दुपारी त्या फरशीवर एक मीटर जास्वंदी पसरली होती. मोरपंखी जमीन, तिच्यावर लालभडक फुलं, पिवळा तुरा बाहेर काढलेली, आणि एकेक फूल बशीएवढं. पट्टी लावून मोजलं तर साडेसहा इंच. एका फुलाच्या मध्यापासून खालच्या फुलाच्या मध्यापर्यंत तेरा इंच. सगळ्यांचे देठ एकाच दिशेला, खाली. शेजारची बाई साखर मागायला आली होती, तिने पडदे शिवतेयस का, असं विचारलं. ब्लाउज, म्हटल्यावर ती साखर घेऊन काही न बोलता गेली.

तिचं चूक नव्हतं. ब्लाउज म्हणजे मुळात लहानसं कापड. छत्तीस छातीच्या बाईच्या पाठीचा तुकडा शिवणीसकट जेमतेम वीस-एकवीस इंच रुंद, पुढचे दोन भाग प्रत्येकी बारा इंच, बाह्या पंधरा. त्यात साडेसहा इंचांचं फूल म्हणजे छोट्या खोलीत आणलेला मोठा पलंग. तो कुठे ठेवायचा हे आधी ठरवावं लागतं, मग उरलेली खोली. साध्या कापडाचा ब्लाउज मशीनवर घडत असेल, मोठ्या छापाचा मात्र कात्री लावण्याआधीच घडतो किंवा बिघडतो. मशीनवर बसायच्या आधी तीन तास मी गुडघ्यांवर होते, ते एवढ्यासाठीच.

हे शहाणपण मला एका मोराने शिकवलं. दोन वर्षांपूर्वी कलमकारी छापाचं एक सुंदर कापड मी एका शिंप्याकडे टाकलं होतं. घडी, माप, तारीख, सगळं रीतसर. ब्लाउज हातात आला तेव्हा बसायला अगदी बेतशीर. फक्त मोराची मान काखेत गेली होती, चोच बाहीच्या शिवणीत बेपत्ता होती, आणि पिसाऱ्यातले दोन डोळे बरोबर नको त्या दोन ठिकाणी येऊन बसले होते. तो ब्लाउज मी एकदा घातला, वरून शाल घेऊन.

शिंप्यावर मी रागावले, पण नंतर त्याचा हिशेब समजला. तो कापड दुमडतो, पाठ घडीवर ठेवतो, पुढचा भाग दोन पदरांतून एकदमच कापतो, उरलेल्यात बाह्या बसवतो. कमीत कमी कापडात, कमीत कमी वेळात. कोणत्याही शिवण क्लासात हेच शिकवतात आणि साध्या कापडाला ते योग्यच आहे. पण दुमडलेल्या कापडाचा खालचा पदर दिसत नाही. वर फूल नेमकं आलं तरी खाली काय आलंय हे देवाला ठाऊक. छाप बघून कापायचं तर कापड उलगडून एकेरी पसरायचं, प्रत्येक तुकडा वेगळा कापायचा, कागद उलटसुलट करायचा. वेळ तिप्पट, कापड दीडपट. अस्तराच्या ब्लाउजचे मला आमच्या भागात आठशे रुपये सांगितले होते. त्या पैशांत त्याने माझ्या मोरासाठी दुपार घालवावी, ही अपेक्षा जरा जास्तच होती. घरी शिवणाऱ्या बाईपाशी हातकौशल्य शिंप्याच्या निम्मंही नसतं, पण दुपार असते.

मोठ्या छापाचा ब्लाउज ही तशी अलीकडची हौस. माझ्या आईच्या पिढीचं सगळं आयुष्य मॅचिंगमध्ये गेलं. साडी पिशवीत घालून मॅचिंग सेंटरमध्ये जायचं, टू बाय टू रुबियाचे गठ्ठे उलगडायला लावायचे, ट्यूबलाइटखाली नको म्हणून कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात यायचं आणि ‘एक छटा वर दाखवा’ म्हणायचं. चिंतामणी, आमसुली, गुलबक्षी, डाळिंबी हे रंग मी शाळेत नाही, त्या पायरीवर शिकले. मग कधीतरी साडी साधी आणि ब्लाउज बोलका अशी उलटापालट झाली. आज एका छापील ब्लाउजवर चार सुती साड्या निघतात. आईला हे अजून पटत नाही. तिच्या मते ब्लाउजने साडीच्या मागे उभं राहावं.

कापड मी चिकपेटेतून आणलं. व्हाइटफील्डहून चिकपेटेला जाणं ही पूर्वी दिवसभराची मोहीम होती. मार्च २०२३मध्ये कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड मेट्रो सुरू झाली, पण मध्ये बैयप्पनहळ्ळीचा तुकडा जोडलेला नव्हता, तिथे उतरून बसने पुढे जावं लागे. ऑक्टोबरमध्ये तो सांधा जुळला. आता काडुगोडीला जांभळ्या मार्गावर बसायचं, मॅजेस्टिकला हिरव्या मार्गाची गाडी पकडायची, पुढचंच स्टेशन चिकपेटे. शिवणारीच्या डोक्यात हेही शिवणीसारखंच येतं: दोन तुकडे सुरेख, पण मधली टीप सुटलेली.

व्हाइटफील्ड म्हणजे पांढरं शेत नव्हे, ते व्हाइट नावाच्या माणसाचं आहे. डी. एस. व्हाइट यांनी १८८२मध्ये म्हैसूरच्या महाराजांकडून ३,९०० एकर जमीन मिळवली आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतकी वसाहत वसवायला घेतली. आज तिथे आयटी पार्क आणि आमच्यासारख्यांचे मनोरे. चिकपेटे त्याहून साडेतीनशे वर्षांनी जुनं. केंपेगौडांनी १५३७मध्ये वसवलेल्या पेठांपैकी ती एक. आणि मराठी माणसाला तिथे परकं वाटायचं कारण नाही. १६३८मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे १६८७मध्ये मोगलांनी ते घेऊन तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना देऊन टाकलं. राज्य गेलं, माणसं राहिली. भावसार क्षत्रिय समाजाची, कापड रंगवणं, छापणं आणि शिवणं हे परंपरेचे धंदे असलेली कुटुंबं, नामदेव शिंपी घराणी, यांच्या घरात कर्नाटकात आजही मराठी बोलली जाते. संत नामदेव शिंपी होते, हे सुईदोरा हातात घेणाऱ्या कुणालाही आठवतंच.

मी कापडाचे ठाण बघत असताना गल्ल्यावरचा मालक फोनवर आईशी बोलत होता. शब्द मराठीच, पण वाक्याचा हेल कन्नडचा, आणि मध्येच एखादा शब्द असा की आजीनंतर मी ऐकला नव्हता. फोन ठेवल्यावर मी मराठीत भाव विचारला. भाव उतरला नाही, पण स्टूल मिळालं.

कापड हाताच्या ठशाचं आहे, असं त्याने सांगितलं. नव्हतं. ठशाच्या कापडात प्रत्येक दाब थोडा वेगळा पडतो. कुठे रंग दाट, कुठे विरळ. लाल रंग काळ्या रेषेच्या केसभर बाहेर जातो, ठसा जिथे पुढच्या ठशाला भिडतो तिथे सांधा दिसतो. माझ्या जास्वंदी सगळ्या जुळ्या बहिणी होत्या. स्क्रीनचं काम. मछलीपट्टणमच्या कलमकारीत ठसे असतात, श्रीकाळहस्तीच्या कलमकारीत बांबूची लेखणी. कापड आधी हिरडा आणि दूध यांत बुडवतात, दुधातल्या स्निग्धतेमुळे रंग पसरत नाही. काळा रंग लोखंड आणि गूळ आंबवून काढतात. एवढं सगळं मी घेतलेल्या भावात होणं शक्य नव्हतं, आणि मला ते नकोही होतं. मला जास्वंद हवी होती. पण हाताचं म्हणून स्क्रीनचं घेऊ नये, एवढं ओळखता यायला हवं.

आजी असल्या कापडाला चीट म्हणायची. ‘चिटाचं पोलकं’ म्हणजे रोजच्या वापरातलं, धुऊन धुऊन फुलं फिकी झालेलं. हा घरगुती शब्द कुठे कुठे जाऊन आला ते कळल्यावर मी चकित झाले. इंग्रजीतलं ‘चिंट्झ’ त्याच कुळातलं. सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरची छापील आणि रंगवलेली सुती कापडं युरोपात इतकी खपली की तिथले रेशीम आणि लोकर विणणारे हवालदिल झाले. फ्रान्सने १६८६मध्ये या कापडांवर बंदी घातली, ती १७५९पर्यंत टिकली. इंग्लंडने १७००मध्ये आयातीवर आणि १७२१मध्ये वापरावरच कायदा केला, तो १७७४मध्ये उठला. मधल्या काळात, १७१९मध्ये, लंडनच्या विणकरांनी छापील कापड घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे भर रस्त्यात फाडले. आजीच्या त्या विटक्या फुलांना एके काळी सरकारं घाबरत होती!

आणि पोलकं? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात पोलका नाचाची लाट आली. त्या नावाने ठिपक्यांचं कापडही विकलं गेलं आणि बायकांचं अंगाबरोबर बसणारं जाकीटही. आपलं पोलकं त्याच जाकिटाचं नातवंड असावं, असा माझा तर्क आहे. भाषातज्ज्ञांनी तो उसवायला हरकत नाही.

तर फरशीवर.

कापड आदल्या रात्री बादलीत भिजवून, सावलीत वाळवून, दमट असतानाच इस्त्री केलं होतं. मीटरभर कापड इंचभर आटलं. हा इंच शिवून झाल्यावर आटला असता तर ब्लाउज भाचीला गेला असता. मग कागद. आईची शिवण क्लासची वही माझ्याकडे आहे. खाकी कागदाचे छोटे तुकडे कापून चिकटवलेले, बाजूला हिरव्या शाईत मापं. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग, हे मला पाढ्यासारखं पाठ आहे. हा सगळा अपूर्णांकांचा संसार, छातीच्या मापावरून बाकीचं अंग काढायचं, मराठी घरांत आणि देशभरच्या शिवणशाळांत पोचवण्यात के. आर. झारापकरांच्या ‘झारापकर सिस्टीम ऑफ कटिंग’ या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. झाराप हे सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यातलं गाव. कोकण रेल्वेने जाताना कुडाळच्या पुढे ते स्टेशन दिसलं की मी मनातल्या मनात नमस्कार करते.

कटोरी ब्लाउज मला सगळ्यांत नीट बसतो. पण कटोरी म्हणजे पुढच्या भागाचे तीन तुकडे, आणि प्रत्येक शिवण फुलावरून सुरी फिरवणार. म्हणून टक्सचा ब्लाउज. त्यातही हुकपट्टीकडून येणारा मधला टक्स फुलाचा घास घेणार होता. कागदावर तो टक्स मिटवला आणि त्याची रुंदी कमरेच्या टक्सात उघडली. ही युक्ती कुणालाही जमते: टक्सांची टोकं एका बिंदूला आणायची, एक कापायचा, दुसरा चिकटवायचा. मग जुन्या चादरीचा कच्चा ब्लाउज शिवून, आरशासमोर उभं राहून, खडूने फुलाच्या जागी गोल काढले. छातीवर दोन्ही बाजूंना दोन गोल काढून पाहिले आणि ताबडतोब पुसले. ते कसं दिसत होतं, हे दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही.

शेवटी ठरलं ते असं. पाठ अखंड, हुक पुढे, म्हणजे पाठीच्या मधोमध एक पूर्ण फूल निर्धास्त बसेल. पुढे एकच फूल, मध्यरेषेवर. अर्धं डावीकडे, अर्धं उजवीकडे, हुक लावले की जुळणारं. मध्यापासून सव्वातीन इंचांवर पाकळी संपते, छातीचा बिंदू साडेतीनवर येतो. पाव इंचाने अब्रू वाचते.

इथे एक गोम आहे आणि ती समजेपर्यंत मी दोन कप चहा प्यायले. एकच फूल मधून कापून दोन अर्धी करता येत नाहीत. पट्ट्या एकमेकींवर चढतात, शिवणीला दाब लागतो. म्हणून डावा भाग एका फुलातून कापायचा, उजवा दुसऱ्या फुलातून, आणि दोन्ही ठिकाणी कापड मध्यरेषेच्या पलीकडे सोडायचं. एक फूल जुळवायला दोन फुलं खर्ची पडतात. शिंपी दुमडून का कापतो, ते इथे पुन्हा एकदा कळतं.

डावा भाग कापला. त्याच कागदावर फुलाची कड पेन्सिलीने उतरवून घेतली, म्हणजे कागद दुसऱ्या फुलावर ठेवला की रेघ रेघेवर बसेल. कागद ठेवला. रेघ रेघेवर बसली. इतकी सुरेख बसली की मी खूश होऊन कापून टाकलं.

अर्थात बसणारच. कागद उलटा करायचा राहिला होता. दोन्ही तुकडे डावे.

दोन डावे भाग हातात घेऊन मी बराच वेळ फरशीवर बसून होते. दुमडून कापलं असतं तर ही चूक होऊच शकली नसती, हाही शिंप्याचाच विजय. आईला फोन केला. तिने न हसता विचारलं, “बाह्या कापल्यास का?” नव्हत्या. मग ती हसली.

बाह्यांसाठी राखलेल्या कापडात एक पूर्ण फूल नीट होतं. उजवा भाग त्यातून निघाला. कागदावर या वेळी मोठ्या अक्षरांत ‘उलट’ लिहिलं. बाह्यांसाठी पुन्हा मेट्रो, पुन्हा चिकपेटे, पुन्हा ते स्टूल. तोच छाप, पण ठाण दुसरं, आणि मोरपंखी जमीन जराशी हिरवट. रंगाचा घाणा बदलला की असं होतं. बाहीला वेगळी छटा चालून जाते, कारण मुंढ्याच्या शिवणीने अंग आणि बाही वेगळी होतातच. पुढच्या दोन भागांत तीच छटा आली असती तर ठिगळ दिसलं असतं.

एका ब्लाउजसाठी दोनदा चिकपेटे, त्यापेक्षा तयार घ्यावा, असं घरात एकाने सुचवलं. त्याला मी गांधीजींची गोष्ट सांगितली. यंत्रांविषयी इतके कठोर असलेले गांधीजी १९२४मध्ये म्हणाले होते की शिवणयंत्र हे अपवादातलं, फार थोड्या उपयुक्त यंत्रांपैकी एक, कारण हाताने शिवून थकणाऱ्या बायकोच्या प्रेमापोटी सिंगरने ते बनवलं. इतिहास पुरता तसा नसावा. सिंगर हा अनेक संसार मांडलेला गृहस्थ होता. पण सुचवणाऱ्याने नंतर निमूटपणे फरशीवरचे दोरे उचलले.

शिवण्यात फारसं सांगण्यासारखं नाही. माझं उषाचं पायमशीन आईकडून आलेलं, काळं, सोनेरी वेलबुट्टी झिजलेलं. अस्तराला पांढरं मलमल, कारण रंगीत अस्तर मोरपंखी जमिनीला मळकट करतं. कमरेची पट्टी साध्या लाल कापडाची, छापाची नाही. फुलांना खाली कुठेतरी थांबायला जागा लागते. गळ्याला उरेप पट्टीचा बारीक लाल गोट.

फक्त पुढची जुळणी जवळून सांगते, कारण तिथे मशीन कामाचं नाही. वरच्या भागाची कड आत दुमडून इस्त्री केली. ती खालच्या भागावर ठेवून पाकळीला पाकळी, तुऱ्याला तुरा लावला आणि बारीक टाचण्या एकेका रेषेवर टोचल्या. मग हाताने धावदोरा, पाव इंचाचे टाके, पांढऱ्या दोऱ्याने, म्हणजे उसवताना दिसेल. टाचण्या काढल्या, अंगात घातला, पाहिला. तुरा दोऱ्याएवढा वर-खाली होता. उसवला. पुन्हा टाकला. मग हुकांच्या जागा: नेहमी मी सारख्या अंतरावर लावते, या वेळी एक हुक मुद्दाम फुलाच्या बरोबर मध्यावर. फूल जिथे ओढलं जाणार तिथेच ते धरून ठेवायला हवं. हुक लावताना उजेड गेला, मी बाल्कनीत जाऊन बसले. आईच्या मॅचिंगच्या पायरीची आठवण झाली.

चार संध्याकाळ आणि एक शनिवार. फिकट पिवळ्या सुती साडीवर तो घातला. शेजारची बाई लिफ्टमध्ये भेटली, पाठीकडून पाहिलं आणि म्हणाली की पडदा छान झालाय. दुसरा डावा भाग अजून शिवणाच्या डब्यात आहे, अर्ध्या फुलासकट.

तुम्ही असं कापड घ्यायला जाल तेव्हा दुकानदार सांगेल की ब्लाउजला ऐंशी सेंटिमीटर लागतं, मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. साध्या कापडाला त्याचं खरं आहे. जास्वंद असेल तर दीड मीटर फाडायला सांगा. आणि त्याच ठाणातून.